हुआना: नाण्यावर नाव राणीचं, आयुष्य मात्र ४६ वर्षं कैदेत

ऑगस्ट १५२०. स्पेनमधल्या तोर्देसियास या लहानशा गावात शहरांच्या बंडखोर फौजा शिरल्या आणि नदीकाठच्या राजवाड्यात गेल्या. तिथे त्यांना चाळिशीची एक विधवा भेटली. बंडखोर तिच्यापुढे आदराने वाकले, कारण कायद्याने ती त्यांची राणी होती. त्या दिवसांत तिला एक बातमी स्पष्टपणे सांगण्यात आली. तिचे वडील वारले होते. ते वारले त्याला साडेचार वर्षं उलटून गेली होती. ज्यांच्यावर तिला सांभाळण्याची जबाबदारी होती त्यांनी हे तिच्यापासून दडवून ठेवलं होतं.

या बाईचं नाव हुआना. स्पॅनिश लोक तिला 'हुआना ला लोका' म्हणजे 'वेडी हुआना' म्हणतात. शाळेच्या पुस्तकांपासून सिनेमापर्यंत तिची एकच गोष्ट सांगितली जाते: देखण्या नवऱ्यावर वेडं प्रेम करणारी, तो मेल्यावर त्याची शवपेटी घेऊन रानोमाळ भटकणारी राणी. गोष्ट रंगतदार आहे आणि थोडीफार खरीही आहे. पण ती सांगताना एक तपशील बहुतेक वेळा मागे पडतो. ही राणी मरेपर्यंत राणीच होती. तिच्या नावाने फर्मानं निघत होती, नाणी पाडली जात होती, अटलांटिकपलीकडे अख्खे देश जिंकले जात होते. आणि ती स्वतः मात्र एका राजवाड्यातून शेजारच्या मठात जाण्यासाठीही कुणाच्या तरी परवानगीवर अवलंबून होती.

वारसांच्या रांगेत तिसरी

हुआनाचा जन्म ६ नोव्हेंबर १४७९ रोजी तोलेदो शहरात झाला. आई कास्तिलची राणी इसाबेला, वडील आरागॉनचे राजे फर्नांडो. कोलंबसला जहाजं देणारी हीच ती जोडी. 'स्पेन' नावाचं एकच राज्य तेव्हा नव्हतं. कास्तिल आईचं, आरागॉन वडिलांचं, आणि दोघांच्या लग्नामुळे ती शेजारी शेजारी नांदत होती. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे, म्हणून हे लक्षात ठेवायला हवं.

या दांपत्याला पाच मुलं झाली. हुआना तिसरी. तिच्या आधी मोठी बहीण इसाबेल आणि भाऊ हुआन. पाठच्या दोघी मारिया आणि कातालिना. (ही कातालिना म्हणजे पुढे इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची पहिली बायको.) हुआना राज्य करेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. तिला लॅटिन शिकवलं गेलं, संगीत शिकवलं गेलं, आणि परक्या दरबारात आपल्या घराण्याची बाजू सांभाळणारी सून म्हणून तिला तयार केलं गेलं.

सोळाव्या वर्षी तिची रवानगी झाली. ऑगस्ट १४९६ मध्ये लारेदो बंदरातून मोठा ताफा निघाला आणि तिला फ्लँडर्सला, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात घेऊन गेला. तिथे लिअर गावात २० ऑक्टोबरला तिचं लग्न झालं. नवरा हॅब्सबर्ग घराण्यातला फिलिप. त्याला इतिहासात 'देखणा फिलिप' म्हणतात, आणि दोघांचं सुरुवातीला फार जमलं यावर बहुतेकांचं एकमत आहे.

पण सासरचं चित्र सरळ नव्हतं. फिलिपचे सल्लागार फ्रान्सकडे झुकलेले होते. हुआनाच्या स्पॅनिश नोकरमाणसांना तिथे थारा नव्हता, आणि तिच्या हातात पैसाही नव्हता. आपल्या माणसांचे पगारसुद्धा ती देऊ शकत नव्हती. फिलिपची इतर बायकांशी प्रकरणं चालू होती. हुआना चिडायची, भांडायची, अबोला धरायची, जेवण सोडायची. सोळाव्या शतकातल्या राजकन्येने हे निमूट सोसायचं असतं अशी अपेक्षा होती. हुआनाने सोसलं नाही. तिच्या 'वेडा'ची पहिली नोंद इथूनच सुरू होते, आणि ती नोंद करणारी माणसं तिच्या नवऱ्याची होती.

तीन मरणं आणि एक सिंहासन

तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ऑक्टोबर १४९७ मध्ये भाऊ हुआन गेला. पुढच्या ऑगस्टमध्ये मोठी बहीण बाळंतपणात गेली. तिचा मुलगा मिगेल दोन वर्षांचा होत होता, तो जुलै १५०० मध्ये गेला. तीन वर्षांत वारसांची रांग रिकामी झाली आणि फ्लँडर्समध्ये बसलेली हुआना कास्तिल आणि आरागॉन दोन्हींची वारस ठरली. १५०२ मध्ये ती नवऱ्यासह स्पेनला आली, आणि दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधी सभांनी तिला वारस म्हणून मान्यता दिली.

फिलिपला स्पेन मानवलं नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तो परत गेला. हुआना गरोदर असल्यामुळे मागे राहिली. मार्च १५०३ मध्ये मुलगा झाला. आता मला जाऊ द्या, असा तिने आईकडे धोशा लावला. फ्रान्सशी युद्ध चालू होतं आणि वारस हाताबाहेर जाऊ देणं इसाबेलाला परवडणारं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये मेदिना देल काम्पो गावच्या ला मोता किल्ल्यात प्रकरण टोकाला गेलं. हुआना निघायला तयार झाली, तेव्हा किल्ल्याचे दरवाजे बंद करण्यात आले. ती आत खोलीत जायलाच तयार होईना. थंडीत दारापाशीच बसून राहिली. अखेर आजारी इसाबेलाला स्वतः येऊन तिची समजूत काढावी लागली. पुढच्या वर्षी तिला जाऊ दिलं गेलं.

हा प्रसंग तिच्या वेडाचा पुरावा म्हणून हमखास सांगितला जातो. पण चोवीस वर्षांची बाई, तीन मुलं परदेशात, आणि समोर उचलून धरलेला पूल. यात वेड नेमकं कुणाचं, हा प्रश्न मला तरी पडतो.

इसाबेला २६ नोव्हेंबर १५०४ रोजी वारली. तिने मृत्युपत्रात हुआनाला कास्तिलची राणी केलं, पण एक कलम घालून ठेवलं. हुआनाला राज्य करायची इच्छा नसेल किंवा ते तिला जमणार नसेल, तर नातू कार्लोस वीस वर्षांचा होईपर्यंत फर्नांडोने कारभार पाहावा. आईने लेकीच्या काळजीपोटी हे लिहिलं असेल. पण त्या कलमाचा अर्थ फर्नांडोला लगेच कळला. इसाबेला गेल्यावर कास्तिलमध्ये तो कुणीच नव्हता. राज्य बायकोचं होतं. त्याला तिथे टिकायचं असेल तर मुलगी अकार्यक्षम ठरायला हवी होती.

आणि गंमत पाहा, फिलिपलाही तेच हवं होतं. राणी सक्षम असेल तर तो फक्त राणीचा नवरा. ती अक्षम असेल तर तो राजा. त्याने तिच्या खजिनदाराकडून तिच्या वागण्याचं टिपण तयार करून घेतलं होतं. ते स्पेनला पोचलं आणि १५०५ मध्ये तोरो इथल्या सभेत फर्नांडोने ते आपल्या कामासाठी वापरलं. जावयाने बायकोविरुद्ध गोळा केलेला पुरावा सासऱ्याने जावयाविरुद्ध वापरला. पुढच्या वर्षी दोघं समोरासमोर आले. २७ जून १५०६ रोजी वियाफाफिला इथे करार झाला आणि फर्नांडोने माघार घेतली. एका मुद्द्यावर मात्र दोघांचं पूर्ण एकमत होतं: हुआनाने राज्य करता कामा नये. ती तिथे हजरही नव्हती.

या प्रवासातली एक छोटी भेट सांगायला हवी. जानेवारी १५०६ मध्ये फ्लँडर्सहून येताना वादळाने त्यांची जहाजं इंग्लंडच्या किनाऱ्याला लावली. विंडसरच्या राजवाड्यात हुआनाला धाकटी बहीण कातालिना भेटली. दहा वर्षांनी दोघी बहिणी भेटत होत्या. भेट जेमतेम एक दिवसाची. त्यानंतर त्या पुन्हा कधीच भेटल्या नाहीत.

शवपेटीचा प्रवास

करारानंतर तीन महिन्यांच्या आत, २५ सप्टेंबर १५०६ रोजी, फिलिप बुर्गोस शहरात तापाने गेला. वय २८. हुआना पोटुशी होती आणि शेवटपर्यंत त्याच्या उशाशी बसून होती. त्याचा देह शहराबाहेरच्या मिराफ्लोरेस मठात ठेवण्यात आला.

इथे थोडं थांबून या मठांचं आणि राजघराण्याचं नातं समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळत नाही. कास्तिलला त्या काळी कायमची राजधानी नव्हती. माद्रिदला दरबार १५६१ मध्ये स्थिरावला. त्याआधी राजे गावोगाव फिरत कारभार करायचे आणि मुक्काम अनेकदा मठात असायचा. म्हणून राजे मठांना जमिनी द्यायचे, त्यात आपल्यासाठी खोल्या बांधून घ्यायचे आणि मेल्यावर तिथेच पुरले जायचे. मिराफ्लोरेसमध्ये हुआनाचे आजोबा-आजी, म्हणजे इसाबेलाचे आईवडील, पुरलेले आहेत. राजघराण्यातल्या विधवा आणि बिनलग्नाच्या मुली नन्सच्या मठात राहायच्या. आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हटलं की इंग्रजी शाळा डोळ्यासमोर येते. मूळ अर्थ हा नन्सचा मठ. काही वेळा तर राजवाड्याचाच मठ व्हायचा. हुआनाच्याच नावाच्या तिच्या नातीने पुढे माद्रिदमध्ये आपण जन्मलो त्या वाड्याचा देस्काल्सास रेआलेस नावाचा मठ करून टाकला. आजही तो पर्यटक पाहायला जातात.

थोडक्यात, राजवाडा आणि मठ यांच्यामधली भिंत फार पातळ होती. विधवा राणीला मठाशेजारी ठेवलं तर ते कुणालाच खटकणार नव्हतं. हे पुढे तिच्या वडिलांच्या पथ्यावर पडलं.

डिसेंबरमध्ये हुआनाने मिराफ्लोरेसमधून शवपेटी बाहेर काढली आणि ती दक्षिणेकडे निघाली. मशालींच्या उजेडात, रात्रीचा प्रवास करत. आख्यायिका इथेच जन्मल्या. ती पेटी उघडून पाहते, ती प्रेताशी बोलते, नवरा पुन्हा जिवंत होईल असं तिला वाटतं. सर्वांत गाजलेली गोष्ट मठाचीच आहे. एका रात्री मुक्कामाचा मठ नन्सचा आहे हे कळल्यावर मेलेल्या नवऱ्याजवळ बायका नकोत म्हणून तिने सगळा लवाजमा उघड्या माळावर थांबवला, असं सांगतात. १८७७ मध्ये फ्रान्सिस्को प्रादिया या चित्रकाराने हाच प्रसंग प्रचंड कॅनव्हासवर रंगवला: वाऱ्यात उभी गरोदर राणी, शेजारी पेटी, मागे धुरकट मठ. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातलं हे चित्र इतकं प्रभावी आहे की स्पेनच्या मनातली हुआना आजही तीच आहे.

पण या प्रवासाला साधी कारणंही होती. बुर्गोसमध्ये साथीची भीती होती. स्पेनमध्ये मरण आलं तर ग्रानादाला पुरावं अशी फिलिपचीच इच्छा होती, आणि ग्रानादा दक्षिणेला आहे. ग्रानादामध्ये तिची आई पुरलेली होती; तिथे फिलिपला पुरणं म्हणजे त्याच्या मुलाचा वारसाहक्क ठळक करणं होतं. शिवाय नवऱ्याचं दफन बाकी असलेल्या राणीचं दुसरं लग्न कसं लावणार? इंग्लंडचा सातवा हेन्री तिला मागणी घालत होता. हे सगळं तिने ठरवून केलं की दुःखात केलं, हे ठामपणे सांगता येत नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

एक गोष्ट मात्र कागदावर आहे. निघण्याआधी तिने एक आदेश काढला आणि नवऱ्याने आपल्या खुशमस्कऱ्यांना वाटलेल्या सगळ्या देणग्या रद्द केल्या. राज्य लुटलं जात असल्याचं तिला दिसत होतं. त्यानंतर मात्र दरबाऱ्यांनी पुढे केलेल्या कागदांवर सही करायचं ती टाळत राहिली.

तोरकेमादा या खेड्यात १४ जानेवारी १५०७ रोजी तिला सहावं मूल झालं. मुलीचं नाव बहिणीवरून कातालिना ठेवलं. ऑगस्टमध्ये फर्नांडो परतला, बापलेकीची भेट झाली आणि कारभार त्याच्या हातात गेला. काही महिने आर्कोस गावात ठेवल्यावर फेब्रुवारी १५०९ मध्ये त्याने तिला तोर्देसियासला हलवलं. तेव्हा ती २९ वर्षांची होती. ते गाव तिने पुन्हा कायमचं सोडलं नाही.

नदीकाठचा वाडा, शेजारचा मठ

तोर्देसियासचं नाव आपल्या इतिहासाच्या पुस्तकातही येतं. १४९४ मध्ये स्पेन आणि पोर्तुगालने युरोपबाहेरचं जग आपसात वाटून घेतलं तो करार इथलाच. त्या वाटणीत पूर्वेचा समुद्रमार्ग पोर्तुगालकडे गेला आणि चार वर्षांत वास्को द गामा कालिकतला पोचला.

दुएरो नदीच्या काठावर इथे दोन शाही वास्तू होत्या. एक राजवाडा, जिथे हुआनाला ठेवलं. दुसरा सांता क्लारा मठ. हा मठ मुळात चौदाव्या शतकातला राजवाडाच. अरबी धाटणीच्या कमानी, न्हाणीघरं, आणि नंतर प्रार्थनागृहावर चढवलेलं सोनेरी लाकडी छत. १३६३ मध्ये राजा पेद्रोच्या काळात तो नन्सना देण्यात आला. फिलिपची पेटी याच मठात ठेवली गेली. लोकांना सांगायला गोष्ट तयार होती: शोकमग्न राणी नवऱ्याच्या देहाजवळ राहते आहे.

प्रत्यक्षात तिला मठात जायचं तर रक्षकाची मर्जी लागायची. पहिला रक्षक लुईस फेरेर. ती जेवण सोडायची, तेव्हा तिच्यावर जबरदस्ती होत असे. तसे फर्नांडोचे आदेशच होते, असं फेरेरच्या एका पत्रावरून दिसतं. जानेवारी १५१६ मध्ये फर्नांडो वारला, तेव्हा गावकरीच या माणसाविरुद्ध उठले आणि त्याला हटवावं लागलं.

वडील गेल्यावर ती आरागॉनचीही राणी झाली. पण मार्चमध्ये ब्रुसेल्समध्ये बसलेल्या तिच्या सोळा वर्षांच्या मुलाने, कार्लोसने, स्वतःला आईच्या बरोबरीने राजा घोषित केलं. पुढच्या वर्षी तो स्पेनला आला. ४ नोव्हेंबर १५१७ रोजी तो मोठी बहीण लिओनोरसह तोर्देसियासला गेला. आईने मुलाला जवळजवळ बारा वर्षांनी पाहिलं. तो मुलगा आईची भाषाही धड बोलत नव्हता. भेट गोड झाली म्हणतात, आणि मुलगा निघाला तेव्हा कारभाराला आईची मान्यता मिळाल्याचं जाहीर झालं होतं.

कार्लोसला तिथे दहा वर्षांची धाकटी बहीण दिसली. कातालिना जन्मापासून आईसोबत होती, साध्या कपड्यांत, आईच्या खोलीतून जावं लागेल अशा खोलीत राहत होती. तिची सुटका करायचं त्याने ठरवलं. कातालिनाच्या खोलीच्या भिंतीला पडद्यामागे भोक पाडून तिला रात्री गुपचूप बाहेर काढण्यात आलं. मुलगी दिसेना तेव्हा हुआनाने अन्न-पाणी-झोप सोडली. काही दिवसांत कार्लोसला बहीण परत आणून द्यावी लागली.

उपोषण हे तिचं एकमेव हत्यार होतं, आणि ते चालत होतं.

पुढच्या वर्षी, १५१८ मध्ये, नवा रक्षक आला: देनियाचा सरदार बेर्नार्दिनो दे सांदोवाल. याने जे केलं ते वाचताना आजही अंगावर येतं. त्याने तिच्याभोवती एक खोटं जगच उभं केलं. तिचे वडील जिवंत आहेत, ते कारभार पाहतात, हवं तर त्यांना पत्र लिही, असं तो तिला सांगायचा. कोण येतं, ती कुणाशी बोलते, खिडकीत उभी राहते का, यावर पहारा होता. ही माहिती आपल्याला त्याच्याच पत्रांतून मिळते. ती कार्लोससाठी लिहिलेली गुप्त पत्रं सिमांकासच्या दफ्तरखान्यात पडून होती. १८६० च्या दशकात बेर्गेनरोथ या जर्मन अभ्यासकाने ती उजेडात आणली, तेव्हा युरोपात खळबळ उडाली होती. त्याने हुआना वेडी नव्हतीच, ती धर्मविरोधी होती म्हणून तिला कोंडलं, असा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष आज फारसा कुणी मानत नाही. पत्रं मात्र खरी आहेत.

पंच्याण्णव दिवस

१५२० मध्ये कार्लोस सम्राटपद घ्यायला जर्मनीकडे निघाला. परक्या सल्लागारांना आणि वाढत्या करांना वैतागलेली कास्तिलची शहरं उठली. हेच ते कोमुनेरोंचं बंड. त्यांना वैधता हवी होती आणि ती तोर्देसियासमध्ये कैदेत होती. फौजा आल्या, देनियाला हाकलण्यात आलं आणि हुआनाने अकरा वर्षांत पहिल्यांदा राज्याच्या कारभाराबद्दल लोकांशी मोकळेपणाने बोलणं केलं. तिने त्यांचं ऐकून घेतलं, प्रश्न विचारले, वडिलांचं मरण आपल्याला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, अशी खंतही व्यक्त केली. ऐकणाऱ्यांना ती वेडी वाटली नाही.

आता फक्त सही हवी होती. तिच्या सहीने कार्लोसचं राज्य संपलं असतं. बंडखोरांनी विनवण्या केल्या, घाई केली, दबाव आणला. तिने सही केली नाही.

का केली नाही, यावर इतिहासकार पाचशे वर्षं वाद घालत आहेत. कुणी म्हणतं, निर्णय घेण्याची तिची ताकदच उरली नव्हती. कुणी म्हणतं, पोटच्या मुलाविरुद्ध तिला जायचं नव्हतं. बेथनी अरॅमसारख्या अलीकडच्या अभ्यासकांनी तिचं वागणं घराण्याच्या हिताच्या चौकटीत पाहिलं आहे. मला हे शेवटचं स्पष्टीकरण जास्त पटतं. ज्या बाईने नवऱ्याच्या देणग्या रद्द करताना सही केली आणि इतर वेळी नाकारली, तिला सहीची किंमत नक्की ठाऊक होती.

५ डिसेंबरला शाही फौजेने तोर्देसियास परत घेतलं. बंडखोरांच्या ताब्यात ती सव्वातीन महिने होती, नेमकं मोजलं तर साधारण पंच्याण्णव ते शंभर दिवस. २३ एप्रिल १५२१ ला वियालारच्या लढाईत बंड मोडलं आणि दुसऱ्या दिवशी पुढाऱ्यांची डोकी उडवली गेली. देनिया परत आला. ज्या मुलाचं सिंहासन तिने वाचवलं, त्याने पहारा आणखी कडक केला.

आणि याच काळात तिचं नाव जगभर पसरत होतं. १५१८ मध्ये वायादोलीदच्या सभेने कार्लोसला मान्यता देताना अट घातली होती की राजकीय कागदांवर हुआनाचं नाव आधी यावं. ती बरी झाली तर राज्य तिचंच. त्यामुळे कोर्तेसने मेक्सिको घेतला तो हुआना आणि कार्लोस यांच्यासाठी, पिसारोने पेरू घेतला तोही दोघांसाठी. १५३६ पासून मेक्सिकोच्या टांकसाळीत चांदीची नाणी पडू लागली, त्यांवर लॅटिनमध्ये दोघांची नावं होती. खोलीत कोंडलेल्या राणीच्या नावाचा पैसा समुद्रापार बाजारात फिरत होता.

कातालिना जाते

जानेवारी १५२५ मध्ये अठरा वर्षांच्या कातालिनाला लग्नासाठी पोर्तुगालला पाठवलं. यावेळी भिंत फोडावी लागली नाही. आई नुसती पाहत राहिली. त्याच वर्षी फिलिपची पेटीही ग्रानादाला हलवली गेली. मुलगीही नाही, पेटीही नाही. यानंतर पुढची तीस वर्षं.

कातालिना पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याची राणी झाली, म्हणजे गोवा ज्याच्या अमलाखाली होता त्या राज्याची. तिचा नवरा वारल्यावर १५५७ ते १५६२ या काळात नातवाच्या नावाने ती स्वतः राज्य करत होती. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय सुरू झालं ते १५६० मध्ये, याच कातालिनाच्या कारभारात. जिचं लहानपण आईबरोबर बंद खोलीत गेलं, तिच्या कारकिर्दीत गोव्यातल्या माणसांच्या घरात डोकावणारी ही यंत्रणा आली.

हुआनाची बाकी मुलंही मोठ्या गाद्यांवर बसली. चार मुली, चारही राण्या: पोर्तुगाल आणि नंतर फ्रान्स, डेन्मार्क, हंगेरी, पोर्तुगाल. दोन मुलगे, दोघंही पवित्र रोमन सम्राट. युरोपातल्या अर्ध्याअधिक दरबारांत तिचं रक्त होतं.

वेड होतं का?

प्रामाणिकपणे सांगायचं तर काहीतरी होतं. ती दिवसच्या दिवस खायची नाही, जमिनीवर झोपायची, कपडे बदलायला नकार द्यायची, प्रार्थनेला जायला तयार नसायची. वय वाढलं तसं तिला दासींच्या रूपात भुतं-चेटकिणी दिसू लागल्या. तिची आजी, पोर्तुगालची इसाबेल, हीदेखील आरेवालोच्या वाड्यात मन बिघडलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं राहिली होती. त्यामुळे आनुवंशिक आजाराचा तर्क आहे. नैराश्य, स्किझोफ्रेनिया अशी निदानं आधुनिक डॉक्टरांनी लिहिली आहेत.

पण पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं निदान त्याच्या तुरुंगाधिकाऱ्याच्या पत्रांवरून करायचं म्हणजे कठीणच. खोटं जग रचून, खिडक्या बंद करून, ४६ वर्षं कोंडलेल्या कुणाचंही मन शाबूत राहिलं असतं का? आजारामुळे कोंडलं आणि कोंडल्यामुळे आजार वाढला, हे दोन्ही खरं असणार. सवाल इतकाच की ती थोडी बरी असती तरी तिला सोडलं असतं का. बाप, नवरा आणि मुलगा या तिघांपैकी एकालाही ती बरी होऊन चालणार नव्हती.

शेवटच्या वर्षांत दरबाराची चिंता वेगळीच होती: राणी धर्माशिवाय मेली तर? नातू फिलिपने, म्हणजे पुढच्या दुसऱ्या फिलिपने, तिची समजूत घालायला फ्रान्सिस्को दे बोर्खा या जेझुइट पाद्रीला पाठवलं. तिचे पाय निकामी झाले होते, जखमा चिघळल्या होत्या. १२ एप्रिल १५५५, गुड फ्रायडेच्या पहाटे ती गेली. बोर्खा उशाशी होता. वय ७५.

सहा महिन्यांनी, २५ ऑक्टोबरला, कार्लोसने ब्रुसेल्समध्ये नेदरलँड्सचं राज्य मुलाला दिलं आणि जानेवारी १५५६ मध्ये स्पेनचंही. मग तो एस्त्रेमादुरातल्या युस्ते मठात राहायला गेला. मठाला लागून त्याच्यासाठी छोटा वाडा बांधला होता. झोपायच्या खोलीतून थेट मठातली वेदी दिसावी अशी सोय होती. सोबत घड्याळं, पुस्तकं, आचारी, बिअर. संधिवाताने हैराण झालेला सम्राट तिथे २१ सप्टेंबर १५५८ ला वारला. आई आणि मुलगा दोघंही मठाशेजारच्या वाड्यात मेले. मुलगा मात्र स्वतःच्या पायाने गेला होता.

तोर्देसियासचा तो राजवाडा आता नाही. मोडकळीला आला म्हणून अठराव्या शतकात पाडला. सांता क्लारा मठ आहे, स्पेनच्या शाही वारसा खात्याकडे आहे, आणि तिकीट काढून बघता येतो. हुआनाचा देह आधी तिथेच ठेवला होता. १५७० च्या दशकात दुसऱ्या फिलिपने तो ग्रानादाच्या शाही प्रार्थनागृहात हलवला. तिथे संगमरवरात कोरलेली हुआना मुकुट घालून नवऱ्याशेजारी निजली आहे. शिल्प बार्तोलोमे ओर्दोन्येझचं. ही समाधी शेजारच्या आईवडिलांच्या समाधीपेक्षा उंच आहे.

खाली उतरलं की तळघरात खऱ्या पेट्या दिसतात, साध्या, शिशाच्या. फर्नांडो, इसाबेला, फिलिप, हुआना. आणि पाचवी लहान पेटी. ती दोन वर्षांच्या मिगेलची, ज्याच्या मरणामुळे हुआनाच्या वाट्याला हे राज्य आलं होतं.